हळद न भरलेली गाडी

फाल्गुन सरत आला की इकडे जबलपुरात मोहाची फुलं गळायला लागतात. बायका टोपल्या घेऊन झाडांखाली वेचत बसलेल्या असतात आणि ऊन वर आलं की सगळ्या रस्त्याला एक गोड, जडसर, किंचित आंबूस वास सुटतो. इथल्या माणसांना त्या वासानं काय काय आठवत असेल ते त्यांनाच ठाऊक. मला मात्र त्यानं दुसराच एक वास आठवतो, ज्याचं या फुलांशी काही नातं नाही. हळद शिजल्याचा वास. ओल्या मातीचा, पाल्याचा, धुराचा, आणि त्या सगळ्यांत मिसळलेला कडवट असा वास. नाकात कमी राहतो, घशात जास्त बसतो. कराडपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांची शिवारं या दिवसांत त्या वासानं भरून गेलेली असायची. कपड्यांना यायचा, भाकरीला यायचा, नदीत डुबकी मारून वर आलं तरी केसांना यायचा.

मला इथं राहून आता इतकी वर्षं झाली की गल्लीतली पोरं मला ‘मराठीबाबा’ म्हणतात आणि माझं हिंदी ऐकून कुणी हसत नाही. या गावानं मला काम दिलं, छप्पर दिलं, पोरींना शाळा दिली. त्याचे उपकार मी विसरत नाही. दर महिन्याला पगार हातात पडला की आधी कपाळाला लावतो. पण या दिवसांत कारखान्याच्या शेडमध्ये एखाद्या गाडीचं इंजिन कान लावून ऐकत उभा असलो की मधेच कान भलतीकडंच जातो. समोरची गाडी नीट असते, साहेब ‘ठीक है’ म्हणून पुढं जातो, आणि मी तिथंच उभा. मला अजून ती दुसरी गाडी ऐकू येत असते.

ती गाडी म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली जुनी पिकअप. मोठ्या ट्रकपेक्षा लहान, जीपपेक्षा थोराड. पुढं दोघा-तिघांना बसायला केबिन, मागं उघडा हौदा, हौद्याला खाली पाडायचा लाकडी फाळका. महायुद्धात कुठल्याशा परदेशातून आली होती, कुठं कुठं फिरली होती कोण जाणे. दाराच्या आतल्या बाजूला कुणी चाकूनं एक अक्षर कोरलेलं होतं, ते आम्हाला कधी लागलं नाही. हिरवा रंग उडून खालचा गंज दिसायचा. नवी गाडी घेण्याची आमच्यासारख्यांची ऐपत नव्हती. ही घेता आली, तीसुद्धा पलटणीत साठवलेलं सगळं नि दादाच्या घरातलं होतं नव्हतं ते घालून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी पाचवीत असताना आमचे वडील गेले आणि दादानं माझं दप्तर खुंटीला लावलं ते परत काढलंच नाही. पुढं मी पलटणीत गेलो, ड्रायव्हर झालो. मला अक्षरं शाळेनं दिली तेवढीच. बाकी जे काही येतं ते गाड्यांनी शिकवलं.

साठ सालाच्या आसपास पलटणीतनं सुटून मी गावी आलो आणि त्याच वर्षी ही गाडी घेतली.

गाडी घेतली आणि माझी शांती गेली. चालत नसली की काळजी, चालली की त्याहून जास्त. चढाला लागली की पाणी उकळायचं, म्हणून पायाशी नेहमी दोन डबे भरलेले. थंडीत हँडल मारून मारून खांदा उतरायचा. पेट्रोल तर अशी प्यायची की ओळखीचा पंपवालाही म्हणायचा, “किसनराव, हिला दारू सोडवा.” मलकापुरात हायवेच्या कडेला एक मिस्त्री होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. मी पंधरवड्यातून एकदा तरी त्याच्या झाडाखाली गाडी नेऊन लावायचो. तो बोनेट उघडायचा, ऐकायचा, बंद करायचा.

“काय झालंय हिला?” मी विचारायचो.

“हिला काय बी न्हाई. तुमालाच झालंय. ही म्हंजी म्हातारी सासू हाय, किसनराव. कुरकुरती म्हंजी बरी हाय. गप बसली की मग माज्याकडं या.”

असं बोलून तो माझ्याकडून काही घ्यायचा नाही. मला वाटायचं, एवढी चांगली माणसं आपल्याला भेटतात, म्हणजे पुढं काहीतरी वाईट वाढून ठेवलेलं असणार. मी असा पहिल्यापासूनच आहे. सुख दिसलं की त्याच्या मागं कोण उभं आहे ते आधी बघतो.

त्या गाडीचं एक मोठं खूळ होतं. तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं. त्यामुळं मी बसायचो रस्त्याच्या कडेला, बांधाला लागून; चालणाऱ्या माणसांच्या अगदी खांद्याशी. बाजाराला निघालेल्या बायका, गवताचे भारे, शेळ्या, सगळं माझ्या कोपरापासून हातभर. पण पुढच्या बैलगाडीला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते मला दिसायचं नाही. त्याला उजवीकडं बसलेलं दुसरं कुणीतरी लागायचं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे माझी बायको, हौसा.

पहिल्यांदा बसवली तेव्हा लाजेनं पदर नाकापर्यंत ओढून बसली होती. मी विचारलं, “मोकळं हाय का?” ती गप्प. परत विचारलं. तर पदरातनं हळूच म्हणाली, “मला काय इचारता, तुमी डायवर.” पुढं मात्र अशी तयार झाली की विचारायच्या आत सांगायची. “थांबा. यष्टी येतीया.” “चला आता, चला, चला.” “आवं हळू, म्हातारं हाय सायकलीवर.” गाव हसायचं. पारावरनं कुणीतरी ओरडायचं, “आरं किसना, बायकोला किन्नर केलास व्हय?” गाडीवरच्या क्लीनरला आमच्याकडं किन्नर म्हणतात. हौसा पुढं बघत म्हणायची, “त्यास्नी सांगा, पगारी हाय म्हनावं.” आणि गालात हसायची. लग्नानंतर पलटणीच्या पायी आम्ही एकमेकांना फार थोडं पाहिलं होतं. खरं सांगायचं तर मी माझ्या बायकोचा आवाज त्या केबिनमध्ये पहिल्यांदा नीट ऐकला.

गाडी घेण्यामागं सगळा विचार हळदीचा होता. आमच्या गावची हळद सांगलीच्या पेठेत जायची ती बैलगाड्यांची रांग लावून. वाटेत मुक्काम, बैलांची वैरण, पावसाची भीती. माझ्या गाडीनं तेच काम दिवसाउजेडी होणार होतं. मी एकदा मोकळी गाडी घेऊन सांगलीपुढं हरिपूरपर्यंत जाऊन आलो होतो, वाट बघून ठेवायला. तिथं जमिनीच्या पोटात हळद साठवायची खोल पेवं आहेत. एक पेव नुकतंच उघडलेलं होतं. कडेला माणसं बिड्या ओढत बसलेली. मी म्हटलं, उतरत का नाही? तर एक जण म्हणाला, “आतली हवा मारती, पावनं. उघडून ठिवायचं, दम धरायचा. मग उतरायचं.” मला तेव्हा बरं वाटलं होतं ते ऐकून. वाटलं, आपल्या गावाचंही असंच असेल. थोडा दम धरला की झालं.

कारण गोष्ट अशी होती. छप्पन्न सालानंतर आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला. जिला गाव महारवाडा म्हणायचं तिथं आम्ही देव्हारे रिकामे केले, आणि गावची मेलेली जनावरं ओढायचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम सोडून दिलं. दादा त्यात पुढं होता. गाव काही दिवस रुसलं, मग बोलायला लागलं. चांगलंच बोलायला लागलं. पण हळद ही काही नुसता माल नव्हे. ती देवाच्या भंडाऱ्यात जाते, नवरीच्या अंगाला लागते, सवाष्णीच्या कपाळाला लागते. आमच्या हौद्यातून गेलेली हळद कुणाच्या कपाळाला लागणार, हा प्रश्न तोंडावर कुणी काढला नाही. फक्त हळद कुणी दिली नाही.

बाकी सगळं दिलं. कांदे दिले, खत दिलं, विहिरीचे दगड दिले, शाळेचे पत्रे दिले. मार्गशीर्षात म्हसवडच्या रथाला अर्धं गाव माझ्या हौद्यात बसून गेलं, येताना गुलालानं सगळा हौदा लाल करून आलं. मी तो दोन दिवस धुतला नाही. हौसाला म्हटलं, “बग, देवाला माणसं गेली आपल्या गाडीतनं. हळद जायला काय हरकत हाय आता?” ती म्हणाली, “माणसं आंघूळ करत्यात. हळद कशी करंल?” मी तेव्हा तिच्यावर चिडलो होतो.

तो हंगाम माझ्यासाठी काय होता ते सांगायला पाहिजे. पलटणीतल्या एका साहेबानं जबलपुरात माझ्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला होता. गावची हळद माझ्या गाडीत चढली तर मी गावात राहणार होतो, नाही चढली तर परत परमुलखात. गाडी घरात नुसती उभी ठेवण्याची आमची परिस्थिती नव्हती. मला आता गावात राहायचं होतं. दुसरं काही मोठं नको होतं. सकाळी उठून नदीवर जावं, दादाच्या शेजारी बसून चहा प्यावा, ओळखीच्या माणसानं ‘काय रं किसना’ म्हणावं, एवढंच.

ज्यांच्या हळदीवर माझा जीव टांगलेला होता ते बापूतात्या. मोठे बागायतदार. त्यांनी एकदा हो म्हटलं की बाकीचे आपोआप येणार. तात्या वाईट माणूस नव्हे, हे मी आजही सांगतो. रस्त्यात गाडी बंद पडली तर स्वतःचे बैल सोडून ओढायला द्यायचे. एकदा गाडीभोवती फेरी मारून त्यांनी दादाला विचारलं,

“गाडीला लिंबू-मिरची का रं बांधली न्हाई?”

“गाडीला बिरेक हायत, तात्या,” दादा म्हणाला.

तात्या खळखळून हसले. पुढं महिनाभर ते प्रत्येक पाव्हण्याला हा जबाब ऐकवत होते. पण हसून झाल्यावर म्हणाले होते, “तरी येक नारळ फोडला असता तर बरं दिसलं असतं.” 

त्या माघात तात्यांच्या कारभारीण, ज्यांना सगळे काकी म्हणत, त्या एकाएकी पोटदुखीनं गडबडा लोळायला लागल्या. बैलगाडीनं नेऊन भागण्यासारखं नव्हतं. तात्यांचा थोरला मुलगा अनवाणी पळत आमच्या वस्तीत आला. मी गाडी काढली. हौद्यात गादी, गादीवर काकी, उशाशी तात्या. हौसा उजवीकडं. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत ती एकसारखी बोलत होती: “चला, मोकळं हाय. चला. हळू आता, खड्डा हाय, काकीस्नी लागंल.” मागनं काकींचं कण्हणं आणि शेजारी हौसाचा आवाज, यांच्यामध्ये मी इंजिनाला मनातल्या मनात हात जोडत होतो. म्हातारीनं त्या दिवशी एकदाही कुरकुर केली नाही. काकी वाचल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तात्यांनी माझा हात धरला. सगळ्यांसमोर धरला. म्हणाले, “किसना, औंदाची हळद तुज्याच गाडीत. दुसऱ्या कुनाच्या न्हाई.”

मला त्या धरलेल्या हाताचं काय करावं कळेना. त्यांनी सोडल्यावरही मी तो तसाच पुढं धरून उभा होतो.

मग सुरू झाले ते दिवस. आयुष्यात वाट बघण्याचे दिवस पुष्कळ आले, पण इतके चांगले परत आले नाहीत. तात्यांच्या मळ्यात चुलाणांवर काहिली, मोठाल्या कढया, चढल्या. हळद शिजायची, वर पाल्याचं झाकण, कडेनं पांढरी वाफ. शिजलेली हळद खळ्यावर पसरली जायची. पहिल्या दिवशी मळकट, मग रोज जरा जरा आकसत, कडक होत जाणारी. मी उगाचच मळ्यावरनं गाडी न्यायचो आणि तिथं आलो की आपोआप वेग कमी करायचो. तात्या खळ्यावरनं हात करायचे. “वाळू दे रं अजून!” मी म्हणायचो, “सावकाश, तात्या, सावकाश.” हौसानं हौदा राखेनं घासला, नदीच्या पाण्यानं धुतला, उन्हात तापवला. तळाला नवं तरट अंथरलं. दादानं हे सगळं ओट्यावर बसून पाहिलं. म्हणाला, “येवढं धुतलंस, हौसा. आता त्यात काय उरलंय आपलं?” ती थांबली, मग परत घासायला लागली.

पोती भरायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या सकाळी तात्या स्वतः आमच्या वस्तीकडं चालत आले. आत आले नाहीत. गावची माणसं लिंबाखाली थांबायची तसे थांबले. डोळे लाल.

“किसना, हरण्या गेला रं.”

हरण्या म्हणजे त्यांचा बैल. पिवळसर पांढरा, उंच, बेंदराला सगळ्या गावाच्या पुढं निघायचा. त्याला मीसुद्धा रस्ता देत असे.

“आवं, कवा?”

“सकाळी. वैरन टाकली तर तोंड बी लावलं न्हाई. बसला तो बसलाच.” ते उपरण्यानं तोंड पुसत राहिले. “लेकरावानी हुता. त्येला फरफटत न्यायचा न्हाई मला. मळ्यात पुरायचाय. तुज्या गाडीतनं न्हेऊ. तेवढं दोगा भावांनी चढवा, न्हेऊन ठेवा. आन् मग उद्यापासनं हळद भर.”

सगळं एका श्वासात. मी पुढं फार वेळा ते शब्द मनात उलटेपालटे करून पाहिले. त्यात सौदा नव्हता, अपमान करायचा हेतू नव्हता. त्यांना त्यांच्या बैलाला मानानं न्यायचं होतं, आणि ते मागायला ते सवयीनं जिथं यायचं तिथं आले होते. वाडवडील आले होते तसेच.

दादा बाहेर आला. “तात्या, ते काम आमी सोडलंय. तुमास्नी ठावं हाय.”

“मी वडाय कुटं सांगतोय? दोराचं नाव काडलं का मी? गाडी हाय की. गाडीला कसला इटाळ?”

“गाडीला न्हाई?” दादा म्हणाला. “मग हळदीला कसा हुत हुता, इतकं दीस?”

 लिंबाची वाळलेली पानं तात्यांच्या पटक्यावर पडत होती. मला त्या क्षणी दोघांचीही दया आली आणि दोघांचीही भीती वाटली. मी मध्ये पडलो. म्हटलं, “तात्या, गाडी मी आनतो. भाडं नगं. पर बैल तुमच्या मानसांनी चढवायचा. आमी हात लावनार न्हाई.”

“मानसं हायत की माजी,” तात्या म्हणाले. “तू आन गाडी.”

ते गेल्यावर दादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मारतो. पण तो एवढंच म्हणाला, “जा. पर शिटावरनं खाली उतरू नगंस.”

तात्यांच्या गोठ्यापुढं मी गाडी मागं मागं घेतली. हौसा खिडकीतनं डोकं काढून सांगत होती, “या, या, अजून या, बास.” तात्यांच्या गड्यानं फाळका सोडला. तो खाडकन खाली पडला. आरशात मला दिसत होतं. हरण्या गोठ्याच्या तोंडाशी आडवा, शिंगांना अजून रंग. त्याचा जोडीदार दाव्याला हिसके देत होता. तात्यांचे दोघं मुलगे, पुतणे, गडी असे चांगले आठ-दहा दांडगे गडी उभे होते. ही माणसं हळदीची पोती एकेकटी पाठीवर घेणारी.

“लावा की रं हात,” तात्या म्हणाले.

कुणी हललं नाही.

“आरं, काय झालं?”

एक गडी खाली बघत म्हणाला, “मालक, ते आमचं काम न्हवं.”

“मी सांगतोय न्हवं?”

“तुमी सांगताय वो. पर उद्या पोरीची सोयरीक कोन जमवल माज्या?”

धाकटा मुलगा हळूच म्हणाला, “तात्या, लोकं बगत्यात.” आणि खरंच बघत होते. बांधावर, भिंतीवर, समोरच्या माळवदावर. मग एकेक करून त्या सगळ्यांच्या माना वळल्या. हरण्याकडून गाडीकडं. गाडीच्या मागच्या भागाकडून पुढच्या भागाकडं. माझ्याकडं. गाडी डाव्या हाताची, त्यामुळं मी त्यांच्या बाजूलाच होतो, अगदी जवळ. ते माझ्या उतरण्याची वाट बघत होते. रागानं नाही. आता उतरेल, एवढ्या विश्वासानं.

 हौसानं तिचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबून धरला. ती एकदाही म्हणाली नाही की उतरा, आणि उतरू नका असंही म्हणाली नाही. मला एकच आठवत होतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर दोराचा पडलेला घट्टा. मी त्यांच्या खांद्यावर बसायचो तेव्हा तो मांडीला टोचायचा.

तात्या स्वतः पुढं झाले. हरण्याच्या डोक्याशी बसले. त्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ सोडवली, कपाळावरनं हात फिरवत राहिले. कुणी हरकत घेतली नाही. मग त्यांनी त्याच्या मानेखाली दोन्ही हात घातले, उचलायला. तेव्हा थोरल्या मुलानं त्यांना बगलेत धरून मागं ओढलं. “तात्या, उठा! काय करताय काय!” मी आरशात ते पाहिलं आणि मला सगळं समजलं. इतका वेळ ते हात लावून बसले होते ती माया होती. उचललं असतं तर ते काम झालं असतं. मायेला गावाची मोकळीक होती, कामाला नव्हती.

ऊन टळटळीत झालं. फाळका तसाच पडलेला. शेवटी काकी दारात आल्या. आजारानं वाळलेल्या, चौकटीला धरून उभ्या. त्यांनी हरण्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. म्हणाल्या, “किसना, किती येळ उनात बसवून ठेवलंय रं तुमास्नी. जावा, बाबा. घरला जावा.”

त्या एका वाक्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्यांनी सोडवलं नसतं तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

मी इंजिन चालू केलं. हौसा खाली उतरली आणि एकटीनं तो जड फाळका उचलून साखळ्या अडकवल्या. तिच्या मदतीला कुणी पुढं आलं नाही.

दुपारी शेजारच्या गावातून कुणी माणसं बोलावून आणली, अजून ज्यांनी ते काम सोडलेलं नव्हतं अशी. त्यांनी हरण्याला दोर बांधून ओढत नेला. आमच्या वस्तीपासून दूर होता तो रस्ता, पण धुरळा दिसला. दुसऱ्या दिवशी तात्यांची हळद बैलगाड्यांत भरली गेली. त्यात हरण्याच्या जागी उसना आणलेला एक बैल होता. तात्या आमच्याकडं आले नाहीत. भेटले तेव्हा नजर चुकवली नाही, पण म्हणाले, “बगू रं पुढच्या साली.” ते त्यांना खरंच वाटत होतं. मी म्हटलं, “व्हय, तात्या.” दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर बाकीचीही कामं कमी होत गेली. कुणी बंद केली नाहीत, आपोआप कमी झाली. पाऊस लागायच्या आत सांगलीकडच्या एका वीटभट्टीवाल्यानं गाडी विकत नेली. त्याच्या ड्रायव्हरला सवय उजव्या बाजूच्या स्टेअरिंगची, त्याला जमेना. गल्लीच्या वळणावर दोनदा बंद पाडली. मी धावत गेलो नाही. उस्तादला सांगायला मात्र मलकापूरला गेलो. तो आत जाऊन दोन कप चहा घेऊन आला आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवून विसरला.

दादाला मी म्हटलं होतं, तूही चल. तो म्हणाला, “सगळीच गेली तर त्यास्नी वाटंल, आपन कवा हुतोच न्हाई हितं. तू जा. मी ऱ्हातो.” मला गाडी चालवता येत होती, त्याला त्या गावात राहता येत होतं. दोन्ही एका माणसाला आलं असतं तर कदाचित निभावलं असतं. तो गेला तेव्हा मला पत्र उशिरा पोचलं. आता तिथं आमचं म्हणून एक कुलूप लावलेलं दार आहे, आणि त्याची किल्ली कुणाकडं आहे ते मला माहीत नाही.

पोरी कधी कधी विचारतात, बाबा, गाव का सोडलं? कुणी त्रास दिला का? मी आठवून बघतो. शेजारच्या शहाण्या माणसांना सांगता येतील असे मोठमोठे जुलूम मी ऐकले आहेत. दुसरीकडं विहिरीचं पाणी तोडलं, घरं जाळली. आमच्याकडं असं काही झालं नाही. आम्हाला कुणी हाकललं नाही, शिवी दिली नाही, दगड मारला नाही. निघालो त्या दिवशी कराडच्या स्टेशनपर्यंत तात्यांच्या थोरल्या मुलानं सामान पोचवलं. काकींनी हौसाची ओटी भरायला खण पाठवला होता. सगळे चांगलेच बोलले, शेवटपर्यंत. त्यांच्यावर रागवायला थोडी जरी जागा सापडली असती, तर मी भांडायला म्हणून तरी एकदा परत गेलो असतो.